सैल खेळातील बलवान पाने : पोकरमधील पैजेच्या प्रमाणाचा विचार

पत्त्यांच्या खेळांपैकी पोकरइतके गणितज्ञांचे लक्ष क्वचितच दुसऱ्या एखाद्या खेळाने वेधून घेतले असेल. फ्रान्समध्ये एमिल बोरेल याने या खेळाचा गणिती विचार केला. जॉन फॉन नॉयमन याने १९२८ साली खेळ-सिद्धांताचा पाया घातला, आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न याच्या सहकार्याने १९४४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पोकरच्या एका सोप्या प्रतिकृतीचे सविस्तर विवेचन केले. या सर्व विवेचनाच्या मुळाशी एक गृहीत आहे : समोरचा खेळाडूही स्वतःचे हित जाणणारा आणि ते अचूकपणे साधणारा आहे. परंतु लास व्हेगासमधील जुगारगृहांत कमी रकमेच्या मेजांवर जे लोक प्रत्यक्ष खेळावयास बसतात, त्यांच्यापैकी अनेकांना हे गृहीत लागू पडत नाही. ते करमणुकीसाठी आलेले असतात. पाने टाकून स्वस्थ बसण्यापेक्षा पैसे घालून पुढचे पान पाहणे त्यांना अधिक आवडते. अशा खेळास ‘सैल’ खेळ म्हणतात.

सैल खेळाविषयी अनुभवी खेळाडूंची एक तक्रार नेहमी ऐकू येते. एक्क्यांच्या जोडीसारखी उत्तम पाने आली तरी पाच-सहा जण डावात राहतात, त्यांतील कोणाला तरी हवे ते पान मिळते आणि बलवान पाने हरतात. सबब अशा खेळात चांगल्या पानांना किंमतच उरत नाही, असे या तक्रारीचे स्वरूप असते. तक्रारीचा पूर्वार्ध खरा आहे, उत्तरार्ध चुकीचा आहे. हे दोन्ही कसे, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. खेळाचे स्वरूप

येथे ‘टेक्सस होल्डेम’ हा प्रकार अभिप्रेत आहे. प्रत्येक खेळाडूस दोन झाकलेली पाने मिळतात. मेजावर सर्वांसाठी सामाईक पाच पाने क्रमाक्रमाने उघडली जातात : प्रथम तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), शेवटी आणखी एक (रिव्हर). आपली दोन आणि सामाईक पाच अशा सात पानांतून उत्कृष्ट पाच पाने ज्याची, तो जिंकतो. पाने वाटल्यावर आणि प्रत्येक टप्प्यावर पैज लावता येते. इतरांनी ती स्वीकारावी, वाढवावी अथवा पाने टाकून डाव सोडावा. मध्ये जमणाऱ्या रकमेस ‘पॉट’ म्हणतात. दोन खेळाडूंना पाने पाहण्यापूर्वीच ठरावीक रक्कम घालावी लागते; तिला ‘ब्लाइंड’ म्हणतात. ‘नो-लिमिट’ प्रकारात खेळाडू आपल्यापुढील सर्व रक्कम कोणत्याही क्षणी पैजेस लावू शकतो.

आपल्याकडील तीन पत्तीशी तुलना केल्यास एक महत्त्वाचा भेद ध्यानात येईल. तीन पत्तीत पाने वाटून झाली की त्यांचे बळ कायम राहते. ज्याची पाने श्रेष्ठ, ती शेवटपर्यंत श्रेष्ठच. होल्डेममध्ये मात्र प्रत्येक नव्या सामाईक पानाबरोबर बलाबल बदलू शकते. म्हणून येथे ‘बलवान पाने’ म्हणजे जिंकणारी पाने नव्हेत. जिंकण्याची संभाव्यता इतरांपेक्षा अधिक असलेली पाने, एवढाच त्याचा अर्थ.

२. जिंकण्याचे प्रमाण आणि मिळणारी रक्कम

एक्क्यांची जोडी ही आरंभीची सर्वश्रेष्ठ पाने. प्रतिस्पर्ध्यांची पाने कोणतीही असू शकतात आणि सर्वजण शेवटपर्यंत डावात राहतात असे मानले, तर ही जोडी एका प्रतिस्पर्ध्याविरुद्ध सुमारे ८५ टक्के वेळा जिंकते. दोघांविरुद्ध हे प्रमाण ७३, चौघांविरुद्ध ५६, सहा जणांविरुद्ध ४४ आणि आठ जणांविरुद्ध अवघे ३५ टक्के होते. म्हणजे मेजावर गर्दी असेल तर एक्के बहुधा हरतात, ही तक्रार खोटी नाही.

परंतु जिंकण्याचे प्रमाण आणि मिळणारी रक्कम या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रत्येकाने एक एकक रक्कम घातली आणि पुढे पैज झालीच नाही असे समजू. एका प्रतिस्पर्ध्याविरुद्ध एक्क्यांच्या धन्यास सरासरी ०·७० एकक निव्वळ लाभ होतो. दोघांविरुद्ध १·२०, चौघांविरुद्ध १·८०, सहा जणांविरुद्ध २·०५ आणि आठ जणांविरुद्ध २·१२. प्रत्येक नव्या प्रतिस्पर्ध्याबरोबर जिंकण्याचे प्रमाण उतरत असताना अपेक्षित लाभ मात्र चढत जातो. जो खेळाडू केवळ ‘किती वेळा जिंकलो’ हे मोजतो, त्याला नेमकी उलटी दिशा दिसते.

याच आकड्यांतून आणखी एक निष्कर्ष निघतो. चौघांवरून आठ जणांवर गेल्यास लाभ १·८० वरून २·१२ वर, म्हणजे फारच थोडा वाढतो. याउलट पैजेचे एकक पाचपट केले आणि त्यामुळे आठांऐवजी दोघेच उरले, तरी अपेक्षित लाभ पाच गुणिले १·२०, म्हणजे ६ एकके होतो. चौघे उरल्यास तो जवळजवळ ९ एकके होतो. तात्पर्य, लाभ ठरविण्यात प्रतिस्पर्ध्यांच्या संख्येपेक्षा प्रत्येकाने घातलेल्या रकमेचा वाटा फार मोठा आहे. सैल खेळाचे वैशिष्ट्य असे की, येथे पैज वाढविली तरी माणसे फारशी कमी होत नाहीत.

३. पैज ही किंमत होय

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास ही परिस्थिती ओळखीची वाटेल. डावात राहण्याचा हक्क ही एक वस्तू, पैज ही तिची किंमत, आणि बलवान पानांचा धनी हा तिचा विक्रेता. सैल खेळाडूची मागणी अलवचीक असते. आपल्याजवळ बदामाची चार पाने झाली आहेत, पाचवे मिळाले तर रंग पुरा होईल, एवढेच तो पाहतो. ते पान पाहण्याची किंमत २५ डॉलर आहे की ७५, याचा त्याच्या निर्णयावर थोडाच परिणाम होतो.

एक उदाहरण घेऊ. टर्न उघडला आहे, पॉटमध्ये १०० डॉलर आहेत, आणि बदामाची चार पाने असलेला एकच प्रतिस्पर्धी उरला आहे. त्याला न दिसलेल्या ४६ पानांपैकी ९ पाने त्याला तारतील. म्हणजे त्याची संभाव्यता सुमारे १९·६ टक्के. रिव्हरवर पुढे पैज होणार नाही असे गृहीत धरू. पैज २५ डॉलरची असेल तर ती स्वीकारण्यात त्याला सरासरी सव्वाचार डॉलरांहून थोडा अधिक फायदा आहे. पैज सुमारे ३२ डॉलर झाली की फायदा-तोटा समसमान होतो. ७५ डॉलरच्या पैजेस त्याचा सरासरी तोटा २६ डॉलर आणि १०० डॉलरच्या पैजेस ४१ डॉलर होतो. हा सर्व तोटा बलवान पानांच्या धन्याकडे येतो. लहान पैज लावून ‘गिऱ्हाईक टिकविले’ असे समाधान मानणारा खेळाडू वस्तुतः आपला माल पडत्या भावाने विकत असतो.

अर्थात किंमत वाटेल तितकी वाढवूनही चालत नाही. समजा, हा प्रतिस्पर्धी ७५ डॉलरची पैज दहांपैकी नऊ वेळा, १०० डॉलरची आठ वेळा आणि २०० डॉलरची दोनच वेळा स्वीकारतो. त्याने पाने टाकली असता जे मिळाले असते त्याहून अधिक मिळणारा अपेक्षित लाभ अनुक्रमे सुमारे २३, ३३ आणि २० डॉलर येईल. सबब १०० डॉलर हीच योग्य किंमत. येथील स्वीकाराचे आकडे कल्पित आहेत. प्रत्यक्षात ते मेजावरील माणसांचे निरीक्षण करूनच अंदाजावे लागतात. एक्के हरू नयेत म्हणून भीतीपोटी अवाढव्य पैज लावून सर्वांना हुसकावणे आणि गिऱ्हाईक जाईल म्हणून नाममात्र पैज लावणे या दोन्ही चुका एकाच अज्ञानातून उद्भवतात. दोन्ही ठिकाणी किमतीचा विचार झालेला नसतो.

४. उरलेल्या रकमेचे पॉटशी प्रमाण

आरंभी पैज वाढविण्यामागे दुसरेही एक कारण आहे. एक आणि दोन डॉलरचे ब्लाइंड असलेल्या मेजावर प्रत्येकापुढे २०० डॉलर आहेत असे समजू. एक्क्यांच्या धन्याने केवळ दोन डॉलर घातले आणि एकूण सहा जण डावात आले, तर पॉट १२ डॉलरचा आणि हाती उरलेली रक्कम १९८ डॉलर. म्हणजे पॉटच्या साडेसोळापट. त्याने १२ डॉलरपर्यंत वाढ केली आणि ब्लाइंड घालणाऱ्या दोघांव्यतिरिक्त तिघांनी ती स्वीकारली, तर पॉट ५१ डॉलरचा आणि उरलेली रक्कम १८८ डॉलर. म्हणजे चौपटीहूनही कमी.

दुसऱ्या परिस्थितीत फ्लॉपनंतर एक प्रतिस्पर्धी टिकून राहिला, तर पुढील तिन्ही टप्प्यांवर पॉटच्या सुमारे निम्मी पैज लावली असता सर्व रक्कम सहज मध्ये जाते. पहिल्या परिस्थितीत तेच साधण्यासाठी प्रत्येक टप्प्यावर पॉटपेक्षाही मोठी पैज लावावी लागेल. आणि इतक्या मोठ्या पैजा कोणी तिन्ही वेळा स्वीकारील, तर त्याच्याजवळ एका जोडीहून श्रेष्ठ काही असण्याचाच संभव अधिक. एका जोडीचे बळ लहान प्रमाणात पुरते, मोठ्या प्रमाणात पुरत नाही. जिंकले तर थोडे आणि हरले तर सर्वस्व, अशी जी अवस्था एक्क्यांच्या वाट्यास येते, तिचे मूळ बहुधा फ्लॉपपूर्वीच्या भिडस्त पैजेत असते.

५. लपविण्याचा मोह

बलवान पाने असताना दुर्बळ असल्याची बतावणी करावी, प्रतिस्पर्ध्यास पुढे येऊ द्यावे आणि शेवटी त्यास गाठावे, ही युक्ती फार लोकप्रिय आहे. तिचे उचित स्थान फॉन नॉयमनच्या विवेचनावरून समजते. त्याच्या प्रतिकृतीत उत्तम खेळाडू अत्यंत बलवान आणि अत्यंत दुर्बळ अशा दोन्ही पानांवर मोठी पैज लावतो, मध्यम पानांवर लावीत नाही. दुर्बळ पानांवरील पैज ही हूल होय. तिचा उपयोग ती कधी कधी यशस्वी होते एवढाच नाही. हूल असण्याची शक्यता असल्यामुळेच प्रतिस्पर्धी बलवान पानांवरील पैजही स्वीकारतो. सारांश, लपवाछपवी हे सावध प्रतिस्पर्ध्याकडून पैज स्वीकारली जावी यासाठी मोजावे लागणारे मोल आहे.

जो प्रतिस्पर्धी तसाही पैज स्वीकारणारच आहे, त्याच्याशी खेळताना हे मोल कशासाठी मोजावयाचे? त्याच्याविरुद्ध हूल निष्फळ, कारण तो पाने टाकीत नाही. आणि लपवणूक निरर्थक, कारण तो संशय घेत नाही. शिवाय न लावलेली पैज म्हणजे त्यास फुकट दाखविलेले पान. मागील उदाहरणात टर्नवर पैजच लावली नाही, तर १०० डॉलरच्या पॉटमधील धन्याचा वाटा सरासरी ८० डॉलर राहतो. १०० डॉलरची पैज लावून ती स्वीकारली गेल्यास सरासरी १४१ डॉलर हाती येतात. सैल खेळात बलवान पाने उघडपणे, सरळ आणि मोठ्या पैजेने खेळणे हाच श्रेयस्कर मार्ग ठरतो, तो या कारणाने.

६. तिसऱ्या माणसाचा प्रश्न

डेव्हिड स्क्लान्स्की याने १९८७ साली ‘द थिअरी ऑफ पोकर’ या ग्रंथात पोकरचा मूलभूत सिद्धांत म्हणून एक तत्त्व मांडले. आपली पाने दिसत असती तर प्रतिस्पर्ध्याने जे केले असते, त्याहून वेगळे तो करील तेव्हा आपला लाभ होतो, असा त्याचा आशय आहे. दोघांच्या डावात ते बरोबर आहे. तिघे असताना मात्र एकाची चूक दुसऱ्याच्या नव्हे तर तिसऱ्याच्या पदरात पडू शकते. हा मुद्दा पोकरच्या अभ्यासकांत अँडी मॉर्टन याच्या नावाने ओळखला जातो.

समजा, टर्नवर क याच्याजवळ बलवान पाने आहेत. ख यास क्रमवार पाच पाने पुरी करण्यासाठी ८ पाने उपयोगी आहेत आणि ग यास ५. तिघांची सहा आणि मेजावरची चार पाने वगळता ४२ पाने उरतात. पॉट पैजेच्या साडेचारपट आहे. ख पैज स्वीकारणारच आहे. प्रश्न ग याचा. ग याने पैज स्वीकारली तर त्याचा सरासरी ०·१०७ पैजेइतका तोटा होतो, म्हणजे ती त्याची चूकच. पण क याचाही त्यामुळे ०·०८३ इतका तोटा होतो, कारण ग याच्या पाच पानांचा धोका त्याच्यावर येतो. दोघांनी गमावलेली रक्कम, म्हणजे ०·१९०, ख यास मिळते. सैल खेळात चांगली पाने टिकत नाहीत, या तक्रारीत जो सत्यांश आहे तो येथे सापडतो.

परंतु हिशेब येथेच थांबविणे योग्य नाही. वरील परिस्थितीत पैज पॉटच्या सुमारे एक-पंचमांश आहे. तीच पॉटच्या निम्मी केली, तर ग याने ती स्वीकारणे क याच्या फायद्याचे ठरते : ग याने पाने टाकल्यास क याचा अपेक्षित लाभ २·२४ पैजांइतका आणि स्वीकारल्यास २·४५ इतका येतो. या उदाहरणातील सीमारेषा पॉटच्या सुमारे २६ टक्क्यांवर आहे. पैज तिच्याहून मोठी असेल तर दोघांचेही येणे क यास लाभदायक. तिच्याहून लहान असेल तर ग याचे येणे हानिकारक. पैजेवर ठरावीक मर्यादा असलेल्या खेळात मोठ्या पॉटमध्ये या हानीवर उपाय नसतो. नो-लिमिट खेळात, जवळ पुरेशी रक्कम उरली असेल तोवर, तो पैज लावणाऱ्याच्या हातात असतो. लहान पैजा लावून गर्दीविषयी कुरकुर करणारा खेळाडू हा उपाय वापरीत नाही, इतकेच.

७. बळ ओसरल्याची खूण

मोठ्या पैजा लावण्याचे धोरण आंधळेपणाने चालविता येत नाही. सैल खेळाडूंमध्येही दोन जाती आहेत. बहुसंख्य खेळाडू पैज स्वीकारण्यात उदार पण वाढविण्यात अतिशय कृपण असतात. अशा माणसाने टर्नवर एकाएकी पैज वाढविली, तर त्या कृतीत मोठी माहिती साठविलेली असते. कल्पित आकड्यांनी हे स्पष्ट होईल. त्याच्या शंभर संभाव्य पानांपैकी १५ एक्क्यांच्या जोडीला हरविणारी आणि ८५ हरणारी आहेत. पहिल्या गटातील १२ पानांवर तो पैज वाढवितो, दुसऱ्या गटातील केवळ ३ पानांवर. मग त्याने वाढ केल्यानंतर एक्के मागे पडले असण्याची संभाव्यता १५ टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर जाते. उलट, जो आक्रमक खेळाडू दुसऱ्या गटातील २५ पानांवरही वाढ करतो, त्याच्या बाबतीत ती सुमारे ३२ टक्केच राहते. एकाच कृतीचा अर्थ माणसागणिक बदलतो. पहिल्याविरुद्ध एक्के टाकून देणे हे शहाणपण. दुसऱ्याविरुद्ध तेच भित्रेपण ठरेल.

८. स्मरणाचा घोटाळा

शेवटी, इतका सरळ हिशेब असताना तक्रार टिकून का राहते, हा प्रश्न उरतो. एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते. प्रत्यक्ष मेजावर तासाला सुमारे ३० डाव होतात असे धरले, तर शंभर तासांच्या खेळात ती जेमतेम चौदा वेळा हाती येईल. प्रत्येक वेळी चौघे प्रतिस्पर्धी शेवटपर्यंत राहिले, तर चौदांपैकी आठ किंवा अधिक वेळा हरण्याची संभाव्यता सुमारे २३ टक्के आहे. म्हणजे योग्य रीतीने खेळणाऱ्या चार खेळाडूंपैकी जवळजवळ एकास शंभर तासांनंतर असे दिसेल की, आपले एक्के बहुधा हरतात. परंतु सर्वांनी समान रक्कम घातली असेल तर आठ वेळा हरून त्याने ८ एकके गमावली आणि सहा वेळा जिंकून २४ मिळविली. जुगारगृहाचा हिस्सा वजा करण्यापूर्वी तो १६ एककांनी पुढेच आहे. आठ पराभव स्मरणात राहतात, सोळा एककांचा हिशेब राहत नाही. त्या स्मरणाच्या आधारे जो पुढच्या वेळी पैज कमी करतो, तो आपल्या लाभाचे एकमेव साधन स्वतःच टाकून देतो.

हे विवेचन पोकरपुरते मर्यादित नाही. २०१५ साली अल्बर्टा विद्यापीठातील संशोधकांनी दोघांत खेळल्या जाणाऱ्या मर्यादित पैजेच्या होल्डेमची जवळजवळ पूर्ण उकल केली. २०१७ आणि २०१९ साली कार्नेगी मेलन विद्यापीठातून निघालेल्या ‘लिब्राटस’ व ‘प्लुरिबस’ या संगणक-प्रणालींनी नो-लिमिट खेळात, पहिलीने दोघांच्या आणि दुसरीने सहा जणांच्या डावात, निष्णात व्यावसायिकांवर मात केली. या प्रणालींचे बळ त्यांचे दोष सापडू नयेत अशा समतोल खेळात आहे. सैल मेजावर मात समतोल हे ध्येय नसून आधारभूमी असते. प्रतिस्पर्धी समतोलापासून कोणत्या दिशेने आणि किती ढळला आहे हे पाहून स्वतःही हेतुपुरस्सर ढळावे लागते. असे ढळणारा खेळाडू स्वतः उघडा पडतो, हेही खरे. बलवान पानांवरच मोठी पैज लावणाऱ्याचे रहस्य एखादा चौकस प्रतिस्पर्धी चटकन ओळखील, आणि तो मेजावर येऊन बसताच लपविण्याचे मोल पुन्हा मोजावे लागेल. तोपर्यंत मात्र प्रश्न पाने कशी लपवावी हा नसून त्यांची किंमत किती मागावी हा आहे. आणि त्याचे उत्तर हरलेल्या डावांच्या आठवणीतून नव्हे, तर समोरच्या माणसांच्या निरीक्षणातून आणि साध्या गुणाकारातून मिळते.